डायलिसिसचा कॅथेटर: टाकताना आणि टाकल्यावर काय काय बिघडतं, आणि तेव्हा काय करायचं

डायलिसिस अचानक सुरू करायची वेळ आली की बहुतेक पेशंटना आधी मानेत कॅथेटरच टाकतात, कारण फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली आर्टरी म्हणजे धमनी आणि शीर ऑपरेशनने जोडून केलेली वाट) करून तो सुया टोचण्याजोगा व्हायला दीडदोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात आणि तेवढा वेळ हातात नसतो. कन्सेंटचा कागद पुढे येतो, त्यावर रक्तस्राव, इन्फेक्शन, फुप्फुसाला इजा असं बरंच काही लिहिलेलं असतं, नातेवाईक घाईत सही करून मोकळे होतात, आणि मग ती नळी पुढे कित्येक आठवडे पेशंटच्या अंगावर राहते पण तिच्यात काय बिघडू शकतं हे घरात कुणालाच धड माहीत नसतं. सिस्टर आणि टेक्निशियन आठवड्यातून दोन-तीनदा बघणार, डॉक्टर त्याहून कमी, बाकी सगळा वेळ तुम्हीच. मी युनिटमध्ये मशीन लावणाऱ्यांपैकी आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचे डोस इथे सांगत बसणार नाही. कुठली गोष्ट दिसली की ताबडतोब पळायचं आणि कुठली पुढच्या डायलिसिसला सांगितली तरी चालते, एवढं कळावं म्हणून हे लिहितोय.

आधी कॅथेटर कुठला आहे ते विचारा

दोन प्रकार असतात. टेम्पररी, म्हणजे त्वचेतून थेट शिरेत गेलेला आणि बाहेर टाक्यांनी अडकवलेला. हा मानेत असेल तर साधारण दोन आठवड्यांच्या आत त्याचं काम संपायला हवं, मांडीत असेल तर त्याहूनही लवकर. दुसरा पर्मकॅथ. हा पण मानेच्याच शिरेत जातो पण कातडीखालून बोगदा काढून छातीवर बाहेर आणतात, आणि त्या बोगद्यात नळीवर डॅक्रॉनची एक छोटी पट्टी असते तिला कफ म्हणतात. दोन ते चार आठवड्यांत आपलं टिश्यू त्या कफमध्ये वाढतं, नळी पक्की बसते आणि बाहेरच्या जंतूंना आतल्या वाटेवर अडथळा होतो. तोपर्यंत सगळा भार टाक्यांवरच असतो, म्हणून 'अजून टाके का नाही काढले' म्हणून सिस्टरशी भांडू नका. आणि नावात पर्म आहे म्हणून तो कायमचा नसतो, फिस्टुला तयार झाला की तोही काढायचाच आहे.

जागा पण महत्त्वाची. पहिली पसंती उजव्या मानेतल्या जुगुलर शिरेला, कारण तिथून हृदयापर्यंतचा रस्ता जवळपास सरळ आहे. डावीकडून वळणं जास्त, त्यामुळे फ्लो कमी मिळणं, नळी दुमडणं, टाकताना शिरेला इजा होणं, हे सगळंच थोडं जास्त. मांडीतला इमर्जन्सीत पटकन टाकता येतो, विशेषतः पेशंटला इतका दम लागलाय की आडवंच होता येत नाही तेव्हा, पण त्यावर चालाफिरायचे वांधे होतात. कॉलरबोनखालची सबक्लेव्हियन शीर अगदी शेवटचा पर्याय, कारण तिथे कॅथेटर राहिला की शीर आकसते आणि मग त्याच बाजूच्या हातावर फिस्टुला केला तर हात सुजतो, फिस्टुला वाया जातो. 'सबक्लेव्हियन टाकतोय' असं कुणी म्हणालं तर दुसरी जागा का नाही, एवढं नक्की विचारा, विचारण्यात काही गैर नाही.

टाकायच्या आधी तुम्ही काय सांगायचं

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर नावासकट सांगा, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन जे असेल ते, आणि शेवटची कधी घेतली तेही. किडनीच्या पेशंटमध्ये प्लेटलेटचा आकडा रिपोर्टमध्ये नॉर्मल असला तरी युरिया वाढल्यामुळे त्या प्लेटलेट नीट काम करत नाहीत, म्हणजे रिपोर्ट चांगला असूनही रक्त जास्त वाहू शकतं. आधी कधी मानेत किंवा छातीत नळी टाकली होती का आणि कुठल्या बाजूला, पेसमेकर आहे का, कुठल्या हातावर फिस्टुला करायचं ठरलंय, आणि आडवं झोपल्यावर दम लागतो का, हे सगळं न विचारता सांगून टाका. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरकडे जुनी फाइल नसते.

तुम्ही विचारायचा प्रश्न एकच: सोनोग्राफी लावून टाकणार ना? शीर डोळ्यासमोर स्क्रीनवर बघून टोचली तर शेजारची आर्टरी टोचली जाणं, फुप्फुसाला लागणं, पुन्हा पुन्हा सुई मारावी लागणं, हे सगळं बरंच कमी होतं. मशीन असेल तर बिना सोनोग्राफीचं मानेत टाकायला काही कारण नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

टाकताना आणि पहिल्या काही तासांत

पद्धत सेल्डिंगर नावाच्या स्वीडिश रेडिओलॉजिस्टची, 1953 पासूनची: आधी सुई, सुईतून वायर, वायरवरून डायलेटर म्हणजे जाडसर टोकदार नळी घालून वाट मोठी करायची आणि मग त्याच वायरवरून कॅथेटर. वायर खोल जाऊन हृदयाला आतून टेकली की मॉनिटरवर ठोके वेडेवाकडे होतात, वायर थोडी मागे घेतली की बहुतेक वेळा थांबतात, पण पेशंटचं पोटॅशियम आधीच वाढलेलं असेल तर हृदय तसंही चिडकं असतं म्हणून टाकताना मॉनिटर लावलेला असावा. बारीक सुईने चुकून आर्टरी टोचली तर सुई काढून दाबून धरतात आणि भागतं. जाड डायलेटर किंवा कॅथेटरच आर्टरीत गेला असेल तर तो ओढून काढायचा नसतो, तसाच ठेवून व्हॅस्क्युलर सर्जनला बोलावतात, कारण काढल्यावर मानेत जे रक्त वाहतं ते दाबून थांबत नाही.

मानेतला टाकला की छातीचा एक्सरे काढल्याशिवाय डायलिसिसला वापरत नाहीत, अगदी जिवावरची इमर्जन्सी सोडली तर. एक्सरेत दोन गोष्टी बघतात, टोक बरोबर जागी आहे का आणि फुप्फुसाभोवती हवा किंवा रक्त साठलंय का. आता घरच्यांनी लक्षात ठेवायचं म्हणजे न्युमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाभोवती साठलेली ही हवा, दरवेळी पहिल्या एक्सरेत दिसेलच असं नाही, काही तासांनंतरही वाढू शकतो. कॅथेटर टाकल्यानंतर श्वास घेताना छातीत टोचतंय, दम वाढतोय, ऑक्सिजनचा आकडा खाली येतोय, असं काही असेल तर 'पाणी जास्त झालं असेल, डायलिसिस झालं की बरं वाटेल' असं कुणीही म्हणालं तरी पुन्हा एक्सरे मागा. बीपी झटकन पडलं, मानेच्या शिरा फुगल्या, पेशंट घाबराघुबरा झाला, तर हृदयाभोवती रक्त साठण्याची शक्यता असते, तिथे मिनिटं मोजावी लागतात, ओरडून बोलवा.

मांडीतल्या कॅथेटरचं वेगळं. तिथे रक्त बाहेर न येता पोटाच्या मागच्या बाजूला आत साठू शकतं, वर ड्रेसिंग अगदी कोरडं. कंबर किंवा कुशीत दुखणं, बीपी उतरणं, चेहरा पांढरा पडणं, हिमोग्लोबिन खाली येणं, यावरून ओळखायचं.

जागेवरून थोडं थोडं रक्त झिरपणं पहिल्या दिवशी बऱ्याच जणांना होतं. मानेतला असेल आणि बीपी ठीक असेल तर डोकं उंच करून बसवलं, गॉझ ठेवून बोटाने नेमकं त्या जागी दाबलं की थांबतं. वरून कापसाचा डोंगर चढवू नका, खाली किती रक्त येतंय तेच दिसत नाही. मान एका बाजूने फुगत चालली, आवाज बदलला, गिळायला त्रास व्हायला लागला, तर मात्र हे झिरपणं नाही. श्वासनळी दाबली जाऊ शकते, तेव्हा लगेच डॉक्टर. आणि त्याच दिवशी डायलिसिस असेल तर 'आज हेपरिनशिवाय करणार का' हे आठवणीने विचारा, हेपरिन म्हणजे मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध.

इन्फेक्शन, खरा शत्रू हाच

टाकतानाच्या भानगडी एका दिवसात कळतात, हा मात्र नळी अंगात असेपर्यंत कधीही येऊ शकतो आणि पेशंट दगावतात ते जास्त करून याने.

कसा येतो ते सांगतो. पेशंट घरून व्यवस्थित चालत येतो, मशीन लागतं, अर्ध्या-पाऊण तासाने म्हणतो एसी कमी करा, मग पांघरूण मागतो, मग दुसरं पांघरूण मागतो, आणि बघता बघता दात वाजायला लागतात, अख्खा बेड हलतो. तेव्हा ताप नसतोही, तो नंतर चढतो. होतं काय की नळीच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा थर बसलेला असतो, मशीनने रक्त जोरात फिरायला लागलं की ते जंतू धुऊन थेट रक्तात जातात. म्हणून 'घरी बरे असतात, डायलिसिसलाच थंडी वाजते' हे वाक्य ऐकलं की आमचे कान टवकारतात.

अशा वेळी क्रम महत्त्वाचा. आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात कुठला जंतू आहे ते उगवून बघायची तपासणी, साधारण दोन सॅम्पल, आणि मग अँटिबायोटिकचा पहिला डोस. उलटं झालं तर कल्चरमध्ये काहीच उगवत नाही आणि पुढचे आठवडे अंदाजाने औषध चालतं. म्हणूनच घरी ताप आला तर कपाटातली जुनी अँटिबायोटिकची पट्टी उघडू नका. पॅरासिटामॉल देऊन ताप उतरला म्हणून डायलिसिसच्या दिवसापर्यंत वाट बघणं हा तर सगळ्यात धोक्याचा प्रकार. अंगात कॅथेटर आहे आणि ताप आलाय तर दुसरं कारण सापडेपर्यंत तो कॅथेटरचाच धरायचा, त्याच दिवशी युनिटला फोन. वयस्कर आणि डायबेटिसवाल्या पेशंटना ताप येईलच असंही नाही, नुसतं गळून जाणं, असंबद्ध बोलणं, बीपी कमी राहणं, एवढंच दिसतं.

बाहेरून दिसणारं इन्फेक्शन दोन पातळ्यांवर असतं. नळी जिथून बाहेर येते तिथेच लाली, थोडा पू, खपली, म्हणजे एक्झिट साइटचं, हे वेळेत दाखवलं तर औषधाने बरं होतं. पण लाली आणि दुखणं कफच्या वर, बोगद्याच्या रेषेने मानेकडे सरकत असेल, दाबल्यावर पू येत असेल, तर ते टनेलचं इन्फेक्शन, तिथे नळी काढावीच लागते. तसंच पेशंट शॉकमध्ये गेला, अँटिबायोटिक देऊन दोन-तीन दिवस झाले तरी ताप हटत नाही, किंवा कल्चरमध्ये स्टॅफ ऑरियस, स्यूडोमोनास हे जंतू किंवा कँडिडासारखी बुरशी निघाली, तरीही डॉक्टर सहसा काढायलाच सांगतात. नातेवाईक म्हणतात एवढा खर्च करून टाकलाय, राहू द्या. नका म्हणू. सडका दात आणि ही नळी सारखीच, मूळ आत राहिलं की गोळ्यांनी नुसतं दबतं.

स्टॅफ ऑरियस रक्तातून जाऊन हृदयाच्या व्हॉल्व्हवर नाहीतर मणक्यात बसतो. म्हणून इन्फेक्शन होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी पाठ सतत दुखायला लागली, पायात अशक्तपणा आला, किंवा बारीक ताप परत परत येतोय, तर 'बेडवर पडून पाठ दुखते' असं म्हणून सोडू नका, आधीच्या इन्फेक्शनची आठवण डॉक्टरला करून द्या. अँटिबायोटिकचा कोर्स साधारण दोन-तीन आठवडे चालतो, व्हॉल्व्ह किंवा हाडात गेलं तर सहा आठवडे किंवा जास्त, आणि बरीचशी इंजेक्शनं डायलिसिसच्या वेळीच देतात, त्यामुळे एक डायलिसिस बुडवलं की एक डोसही बुडतो.

टाळायचं कसं, यात काही जादू नाही. नळी जोडताना आणि सोडताना पेशंट आणि स्टाफ दोघांच्या तोंडावर मास्क, कारण स्टॅफ आपल्या नाकातच राहतो आणि त्या वेळी पेशंटचं नाक कॅथेटरपासून वीतभर अंतरावर असतं. तोंड दुसऱ्या बाजूला वळवा आणि बोलू नका. नळीच्या टोकाची टोपी काढल्यावर तिच्या तोंडाचा भाग, हब म्हणतात त्याला, अँटिसेप्टिकने 15 सेकंद तरी घासायचा आणि वाळू द्यायचा, नुसता पुसल्यासारखा करायचा नाही. हे होत नसेल तर तुम्ही बोला, चांगल्या सिस्टरला राग येत नाही. ड्रेसिंग ओलं झालं, सुटलं, मळलं तर वार न बघता बदलून घ्या. अंघोळ कमरेखाली, वरचं अंग ओल्या फडक्याने पुसायचं, टबात किंवा पोहायला अजिबात नाही. घरच्या मनाने कुठलंही मलम, हळद, पावडर लावायची नाही, काही मलमांमुळे नळीचं प्लॅस्टिकच खराब होतं.

फ्लो येत नाही

टाकल्यापासूनच फ्लो कमी असेल तर नळी कुठेतरी दुमडलीय, टाका घट्ट बसलाय किंवा टोक चुकीच्या जागी आहे, एक्सरेत कळतं. आधी छान चालत होता आणि आता दोन-चार वेळा मशीन सारखं अलार्म देतंय, तर आत गुठळी किंवा नळीच्या टोकाभोवती फायब्रिनचा (रक्त गोठताना बनणाऱ्या धाग्यांचा) पापुद्रा. पापुद्र्याची खूण म्हणजे सिरिंजने आत ढकलता येतं पण बाहेर ओढताना रक्त येत नाही, तो झडपेसारखा बसतो.

टेक्निशियन आधी कूस बदलायला सांगेल, खोकायला सांगेल, बेड खालीवर करेल. लाल (रक्त मशीनकडे नेणारी) आणि निळी (परत आणणारी) लाइन उलट लावणं ही पण एक युक्ती आहे, त्या दिवसापुरतं काम होतं, पण साफ झालेलं रक्तच परत मशीनमध्ये ओढलं जातं आणि डायलिसिस कमी पडतं. दरवेळी उलट लावूनच चालवत असतील तर विषय डॉक्टरपर्यंत न्या. गुठळी विरघळवायचं औषध नळीत भरून ठेवतात, त्यानेही नाही झालं तर वायरवरून नळी बदलतात. तुम्ही बघायचं ते एवढंच की रिपोर्टमध्ये यूआरआर, म्हणजे एका डायलिसिसमध्ये युरिया किती टक्के कमी झाला तो आकडा, 65 च्या खाली घसरतोय का, सूज आणि दम परत वाढतोय का.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. डायलिसिस संपल्यावर दोन्ही नळ्यांमध्ये हेपरिन किंवा सायट्रेट भरून ठेवतात, त्याला लॉक म्हणतात. किती मिली भरायचं तो आकडा नळीवर किंवा क्लॅम्पवर (नळी बंद करायच्या चिमट्यावर) छापलेला असतो, लाल आणि निळ्याचा वेगवेगळा असू शकतो. पुढच्या वेळी हे लॉक आधी ओढून फेकायचं असतं. पेशंट दुसऱ्या कशासाठी वॉर्डात ॲडमिट झाला, हाताला शीर मिळत नाही म्हणून कुणी कॅथेटरला सलाइन जोडली आणि लॉक न काढता आत ढकललं, की सगळं दाट हेपरिन एकदम अंगात जातं आणि रक्तस्राव होऊ शकतो, शिवाय इन्फेक्शनला दार उघडतं ते वेगळंच. म्हणून वॉर्डात स्पष्ट सांगा, ही नळी फक्त डायलिसिसची आहे, डायलिसिसवाल्यांशिवाय कुणी हात लावायचा नाही.

घरी अपघात झाला तर

टोपी पडली: क्लॅम्प बंद आहे का ते सगळ्यात आधी बघा, नसेल तर लावा. क्लॅम्प बंद असताना टोपी पडली तर धोका इन्फेक्शनचा, टोक स्वच्छ गॉझमध्ये गुंडाळून युनिट गाठा, तीच खाली पडलेली टोपी परत लावू नका. क्लॅम्पही उघडा असेल तर रक्त बाहेर येईल किंवा श्वास घेताना हवा आत जाईल, आणि दुसरं जास्त वाईट. एकदम दम, छातीत दुखणं, चक्कर, असं झालं तर नळी क्लॅम्प करून किंवा बोटाने दुमडून धरा, पेशंटला डाव्या कुशीवर झोपवा, डोकं खाली, आणि ॲम्ब्युलन्स.

नळीच बाहेर आली: पेशंटला आडवं करा, उभं किंवा बसवून ठेवू नका. स्वच्छ कापडाने घट्ट दाबा. पर्मकॅथ असेल तर छातीवरच्या भोकावर आणि वर कॉलरबोनच्या वर, जिथे नळी शिरेत शिरते, अशा दोन्ही जागी दाबा, कारण रक्त तिथूनच येतं. किमान दहा मिनिटं, मध्ये उचलून बघायचं नाही. आणि ही वेळ येऊ नये म्हणून कॅथेटरजवळ कात्री किंवा ब्लेड नको, ड्रेसिंग काढताना सुद्धा, दाढी करताना सुद्धा. पुढून उघडणारे शर्ट घाला, डोक्यावरून काढायच्या बनियनमध्ये नळी अडकून ओढली जाते.

अर्धीच बाहेर आली किंवा बोगद्याच्या तोंडाशी कफची पांढरी पट्टी दिसायला लागली तर आत ढकलू नका. जशी आहे तशी टेपने चिकटवा आणि त्याच दिवशी जा.

हात, मान, चेहरा सुजला तर

कॅथेटरच्या बाजूचा हात जड वाटतोय, अंगठी रुतायला लागली, सकाळी चेहरा सुजलेला आणि दुपारपर्यंत कमी, छातीवर आधी न दिसणाऱ्या निळ्या शिरा दिसतायत, तर आतली मोठी शीर गुठळीने भरलीय किंवा आकसलीय. किडनीच्या पेशंटला सूज असतेच म्हणून हे हमखास निसटतं, पण पाण्याची सूज दोन्हीकडे सारखी येते, ही एका बाजूला किंवा फक्त वरच्या अंगाला. डॉपलर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी), व्हेनोग्राम (शिरेत डाय सोडून काढलेला एक्सरे) करून बघतात, बलूनने शीर रुंद करता येते पण ती पुन्हा आकसायची सवय असते. नळी काढून झाल्यावर महिन्यांनी, नवीन फिस्टुला सुरू केल्यावर पण हे डोकं वर काढतं.

काढताना

टेम्पररी काढणं दोन मिनिटांचं काम वाटतं म्हणून खुर्चीत बसवूनच ओढतात, तसं करू देऊ नका. पेशंट पूर्ण आडवा हवा, डोकं थोडं खाली चालेल, आणि ओढायच्या क्षणी श्वास सोडून धरायचा, नाहीतर उघड्या भोकातून हवा आत ओढली जाऊ शकते. मग पाच-दहा मिनिटं दाबून, वर हवाबंद ड्रेसिंग, ते दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचं, आणि लगेच उठायचं नाही, अर्धा तास पडून राहायचं. पर्मकॅथला कफ सोडवावा लागतो, जागा बधिर करून छोटी चिर घेतात. कधी कफचा तुकडा आत राहतो, पू नसेल तर सहसा तो तसाच सोडतात.

काढल्यावर डिस्चार्ज पेपरवर चार गोष्टी लिहून घ्या: कुठली बाजू, कुठली शीर, कधी टाकला कधी काढला, आणि का काढला. इन्फेक्शनने काढला असेल तर कल्चरचा रिपोर्ट त्यालाच स्टेपल करून ठेवा, आणि मोबाइलमध्ये फोटो काढून घरातल्या दोघातिघांना पाठवून ठेवा.